औषध बंद झाल्यावर काय होतं? आत्याची गोष्ट आणि पेशीतले पडदे



"डॉक्टर, ही गोळी माझ्या त्या गोळीबरोबर चालेल ना?" हा प्रश्न मला दवाखान्यात रोज कोणी ना कोणी विचारतं. प्रश्न चांगला आहे, विचारत राहा. पण त्याचाच जुळा भाऊ असलेला दुसरा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही: "ही गोळी आता बंद झाली, मग त्या दुसऱ्या गोळीचं काय करायचं?"

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न मीही विचारला नव्हता, आणि मी तर डॉक्टर. त्यातून जे झालं ते माझ्या आत्याला भोगावं लागलं. तिच्या परवानगीनं आज ते लिहितो आहे. ही गोष्ट समजायची तर आपल्या यकृताच्या एका पेशीत डोकवावं लागेल. घाबरू नका, शाळेत पेशीची आकृती काढली असेल तेवढं पुरे.

आत्याची झडप

आत्याला लहानपणी सांधे सुजून ताप यायचा. त्या ऱ्हुमॅटिक तापानं तिच्या हृदयाची एक झडप आकसली. पुढे ऑपरेशन होऊन तिथे कृत्रिम झडप बसली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूत गेली तर लकवा होतो, झडपेतच अडकली तर जीवावर बेतते. म्हणून अशा रुग्णांना रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन किंवा त्याच जातीचं औषध जन्मभर घ्यावं लागतं.

ते किती घ्यायचं हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीवर ठरतं. औषध न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. आत्याच्या झडपेसाठी तो २.५ ते ३.५ हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. आत्या रोज ४ मिलिग्रॅम वॉरफरिन घ्यायची आणि तिचा आकडा वर्षानुवर्षं ३ च्या आसपास असायचा. एक गोळी कधी चुकवली नाही तिनं.

मग तिच्या मानेत गाठी आल्या. तपासणीत टीबी निघाला. सहा महिन्यांचा औषधोपचार सुरू झाला. त्यात रिफाम्पिसिन हे औषध होतं. ज्यानं लघवी केशरी होते, तेच.

रिफाम्पिसिन वॉरफरिनचा जोर मोडतं, हे मला माहीत होतं. म्हणून आठवड्याला आयएनआर करायला लावला. दहाव्या दिवशी तो १.४ वर आला होता. तिच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही डोस हळूहळू वाढवत नेला. ५, ६, ८ असं करत अखेर ११ मिलिग्रॅमवर आकडा पुन्हा ३ ला स्थिरावला. पुढचे तीन-चार महिने सुरळीत गेले. मी स्वतःवर खूश होतो.

एके दिवशी आत्याचा फोन आला. "अरे, टीबीच्या गोळ्या आज संपल्या. सुटले बाई!" मी म्हणालो, "छान झालं! पेढे वाट." तिनं खरंच पेढे वाटले. आयएनआर पुढच्या महिन्यात करायचा ठरलेला होता, तो तसाच ठेवला.

दोन आठवड्यांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तिला वाटलं उष्णता झाली, म्हणून गुलकंद खाल्ला. मांडीवर काळानिळा डाग दिसला, तर कुठंतरी आपटलं असेल म्हणाली. मग दोन दिवस काळी शौच झाली आणि तिसऱ्या पहाटे ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. रुग्णालयात आयएनआर केला, तर यंत्रानं आकडाच दिला नाही. त्याच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे गेला होता.

तिला प्लाझ्मा दिला, रक्त दिलं आणि व्हिटॅमिन के दिलं. तेही मोजूनमापून, कारण जास्त दिलं तर झडपेवर गुठळी धरायची. चौथ्या दिवशी ती उशीला टेकून बसली आणि मला म्हणाली, "अरे, मी एकही गोळी चुकवली नाही. मग चुकलं कुठं?"

चुकलो मी होतो. पण नुसतं "माझं चुकलं" म्हणून तिचं समाधान झालं नसतं. तिला "कुठं" हवं होतं. म्हणून तिच्या केसपेपरच्या पाठीमागे मी एक आकृती काढली. तीच आता तुम्हाला शब्दांत सांगतो.

पेशीच्या आतला वाडा

पेशी म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी आणि मधोमध केंद्रक, अशी आपली समजूत असते. टीबीच्या जंतूची पेशी थोडीफार तशीच असते. त्याच्या आत वेगळी दालनं नाहीत, केंद्रकालाही पडदा नाही. अशा पेशीला आदिकेंद्रकी म्हणतात.

आपल्या पेशी दृश्यकेंद्रकी, म्हणजे खरं केंद्रक असलेल्या. त्यांच्या आत अतिशय पातळ पडद्यांची एक मोठी व्यवस्था असते. यकृताच्या पेशीतले सगळे पडदे मोजले, तर बाहेरचं आवरण त्यातलं जेमतेम २ टक्के भरतं. जवळजवळ निम्मा वाटा एकट्या आंतर्द्रव्यजालिकेचा असतो. म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीपेक्षा आतल्या भिंतीच कितीतरी जास्त. जुन्या वाड्यासारखंच, चार भिंतींच्या आत ओसरी, माजघर, कोठीची खोली, आणि एकातून दुसरीकडे जायला दारं.

या वाड्यातली मुख्य दालनं अशी:

केंद्रकाभोवतीचं आवरण. आत जनुकं असतात. या आवरणाचा बाहेरचा पडदा थेट आंतर्द्रव्यजालिकेला जोडलेला असतो.

खडबडीत आंतर्द्रव्यजालिका. हिच्या अंगावर रायबोझोमचे दाणे असतात. पेशीबाहेर पाठवायची प्रथिनं इथे तयार होतात, आणि त्यांना आकारही इथेच दिला जातो.

गुळगुळीत आंतर्द्रव्यजालिका. हिच्यावर दाणे नसतात. यकृतात औषधं, दारू आणि इतर परके पदार्थ मोडण्याचं मोठं काम इथे चालतं.

गॉल्जी संकुल. तयार प्रथिनांवर शेवटचा हात फिरवून, वर्गवारी करून, ती छोट्या पुटिकांत भरून योग्य जागी धाडणारा विभाग.

लयकारिका. पेशीतलं जुनं आणि नको असलेलं सामान पचवून त्यातला कच्चा माल परत देणाऱ्या पिशव्या.

हे सगळं शोधायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला. इटलीत पाविया इथे कामिल्लो गॉल्जी यांना १८९८ मध्ये घुबडाच्या मज्जापेशीत एक जाळी दिसली. ती खरी आहे की रंग देताना पडलेला डाग आहे, यावर पुढे अनेक दशकं वाद चालला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर तो मिटला. त्याच सूक्ष्मदर्शकानं आंतर्द्रव्यजालिकाही दाखवली. पेशीच्या या अंतरंगावरच्या कामासाठी आल्बेर क्लोद, जॉर्ज पालादे आणि लयकारिका शोधणारे क्रिस्टियान द द्यूव यांना १९७४ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता गंमत पाहा. आत्याच्या बाबतीत जे जे घडलं, ते याच पडद्यांवर घडलं.

एकाच घरात तीन कामं

रक्त गोठवणारी बरीचशी प्रथिनं यकृतात तयार होतात. त्यातल्या चार, म्हणजे क्रमांक २, ७, ९ आणि १० च्या घटकांना, खडबडीत जालिकेच्या आत असतानाच एक जोड द्यावी लागते. त्या जोडणीसाठी व्हिटॅमिन के लागतं. जोड मिळालेलं प्रथिन गॉल्जीतून पुढे जातं आणि पुटिकेत बसून रक्तात उतरतं. जोड मिळाली नाही तरी ते रक्तात उतरतं, पण धार नसलेल्या विळीसारखं. दिसायला विळी, चिरत मात्र काही नाही.

एकदा वापरलेलं व्हिटॅमिन के पुन्हा कामाला जुंपणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, याच जालिकेच्या पडद्यात बसलेलं असतं. वॉरफरिन नेमकं त्याला अडवतं. आपण "रक्त पातळ होतं" म्हणतो खरं, पण रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. फक्त बिनधारेच्या विळ्या वाढतात. आधीच्या धारदार विळ्या रक्तात काही तास ते काही दिवस टिकतात, म्हणून गोळी सुरू केल्यावर परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात.

हे झालं पहिलं काम. दुसरं काम शेजारच्या गुळगुळीत जालिकेत चालतं. तिथल्या पडद्यात सायटोक्रोम पी-४५० कुळातली विकरं रोवलेली असतात. त्यातलंच एक वॉरफरिन मोडून निकामी करतं. आत्याची ४ मिलिग्रॅमची मात्रा ठरली होती ती या दोन कामांचा मेळ बसवूनच. रोज किती वॉरफरिन येतं आणि रोज किती मोडलं जातं, त्यातून उरेल तेवढंच औषध कामाला येतं.

तिसरं काम रिफाम्पिसिननं सुरू केलं. जंतूच्या पेशीत ते आरएनए बनवणारं यंत्र बंद पाडतं आणि जंतू मरतो. त्यासाठीच तर ते देतात. पण आपल्या यकृताच्या पेशीत ते एका ग्राहक-प्रथिनाला जाऊन चिकटतं. ते प्रथिन केंद्रकातल्या जनुकांना हुकूम देतं: परका पदार्थ रोज येतो आहे, मोडणारी विकरं वाढवा. विकरं वाढतात, आणि ती ज्यात बसतात तो गुळगुळीत पडदाही वाढतो. वाड्याला नवा सोपा काढावा तसा.

ही कल्पना नाही, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. १९६३ मध्ये रेमर आणि मर्कर या संशोधकांनी फेनोबार्बिटल या औषधाचा प्राण्यांच्या यकृतावरचा परिणाम दाखवला. औषध मोडणारी विकरं वाढली होती आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गुळगुळीत जालिकेचा पसाराही वाढलेला दिसत होता. पुढे रिफाम्पिसिन घेणाऱ्या माणसांच्या यकृतातही असाच बदल आढळला.

या वाढीला साधारण एक-दोन आठवडे लागतात. म्हणूनच आत्याचा आयएनआर दहाव्या दिवशी घसरला. येणारं वॉरफरिन वाढलेली विकरं भराभर मोडत होती. आम्ही ११ मिलिग्रॅम देत होतो, पण उरत होतं तेवढंच, पूर्वी ४ मधून उरायचं तेवढं.

मग टीबीच्या गोळ्या संपल्या. हुकूम देणारंच कोणी उरलं नाही. पेशी मोठी काटकसरी असते, नको असलेला संसार ती मांडून ठेवत नाही. जादा विकरं कमी होतात आणि जादा पडदे गुंडाळून लयकारिकांकडे पाठवले जातात. पेशी स्वतःचेच भाग पचवते, याला स्वभक्षण म्हणतात. ते कसं चालतं हे उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. औषध थांबवल्यावर वाढलेली गुळगुळीत जालिका अशा प्रकारे आवरली जाते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

हा आवरता घ्यायचा काळही आठवड्यांचाच, साधारण दोन आठवडे किंवा त्याहून थोडा जास्त. आत्या रोज ११ मिलिग्रॅम घेतच होती आणि ते मोडणारे हात रोज कमी होत होते. उरणारं औषध दिवसेंदिवस साचत गेलं. हिरड्यांतलं रक्त, मांडीवरचा डाग, काळी शौच, हे सगळे त्या साचण्याचेच इशारे होते.

एवढं सांगून मी थांबलो. आत्या आकृतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे कार्य उरकलं, पाहुणे गेले, मांडवही उतरला. आणि आपण भात मात्र पन्नास पानांचाच टाकत राहिलो."

यापेक्षा सोप्या शब्दांत हे मला आजवर कोणाला सांगता आलेलं नाही.

हे फक्त आत्यापुरतं आहे का?

नाही. रिफाम्पिसिन सुरू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि नको असताना गर्भ राहू शकतो. स्टेरॉइड, मधुमेहाच्या काही गोळ्या, फिट्सची काही औषधं, एचआयव्हीवरची काही औषधं यांचाही जोर कमी होतो. फिट्ससाठी दिली जाणारी फेनोबार्बिटल, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधंसुद्धा यकृतातली ही विकरं वाढवतात.

दारूचंही तसंच. "मला आता तीन पेगनीसुद्धा काही होत नाही," असं अभिमानानं सांगणारे भेटतात. त्यात काही भाग मेंदूच्या सवयीचा आणि काही यकृतातल्या वाढलेल्या विकरांचा असतो. दारूनं वाढणारं एक विकर पॅरासिटामॉलमधून विषारी पदार्थ बनवतं. म्हणून रोज पिणाऱ्या माणसानं पॅरासिटामॉल मनाला येईल तसं घेणं धोक्याचं ठरतं.

तुम्ही काय कराल?

१. घरातल्या प्रत्येक नियमित औषधाची यादी एका वहीत ठेवा. त्यात सुरू केल्याची तारीख लिहा आणि बंद केल्याची तारीखही लिहा. दुसरी तारीख बहुतेकजण लिहीत नाहीत.

२. टीबीचं किंवा फिट्सचं औषध सुरू होणार असेल, तर आधीची सगळी औषधं दाखवा. गर्भनिरोधक गोळ्या आणि आयुर्वेदिक चूर्ण-काढेही लाजू नका, सांगा.

३. ते औषध संपणार असेल, तर संपण्याच्या आधीच तुमच्या इतर डॉक्टरांना कळवा. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पुढचे काही आठवडे आयएनआर वारंवार करायला हवा. तो कधी आणि किती वेळा करायचा, ते तुमचे डॉक्टर सांगतील.

४. रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असताना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लाल लघवी, डांबरासारखी काळी शौच, कारण नसताना काळेनिळे डाग किंवा अचानक जोराची डोकेदुखी यांतलं काहीही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उष्णता समजून घरी थांबू नका.

५. हे वाचून कोणतंही औषध आपल्या मनानं कमी-जास्त करू नका, थांबवू तर मुळीच नका. टीबीचा कोर्स अर्धवट सोडणं किंवा झडपेच्या रुग्णानं वॉरफरिन बंद करणं, दोन्ही या गोष्टीतल्या चुकीपेक्षा भयंकर आहे.

शेवटी आत्याविषयी. ती बरी झाली. महिन्याभरात तिचा डोस परत ४ मिलिग्रॅमवर आला आणि आकडा ३ वर. तिनं एक लांबट वही केली आहे, पूर्वी वाण्याकडे उधारीची असायची तशी. डाव्या बाजूला "सुरू", उजव्या बाजूला "बंद". गेल्या वर्षी दाढदुखीसाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिला पाच दिवसांचं औषध दिलं. तिनं मला फोन केला, औषधाचं नाव वाचून दाखवलं, ते चालेल का विचारलं. मी उत्तर दिलं आणि फोन ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. सहाव्या दिवशी काय करायचं, ते पण आत्ताच सांग."

तो प्रश्न माझ्या टेबलावर आता कायमचा आहे. औषध बंद करण्याची चिठ्ठी लिहिताना मी थांबतो, आणि समोरच्या माणसाला विचारतो, "आणखी काय काय घेता?" मी विचारायला विसरलो, तर तुम्ही मला विचारा.